एडविन थ्रपची शंभरावी विकेट

एडविन थ्रपच्या कारकिर्दीची वाट कुणी लावली, असं आमच्या थॉर्नशायर परगण्यात कुणालाही विचारा, सगळे माझ्याकडे बोट दाखवतील. "तो हर्बर्ट क्रॅबट्री," म्हणतील, "विकेटकीपर. हाताला भोकं पडलीत मेल्याच्या." आमच्या गल्लीतला खाटीक मटणाचं पुडकं देताना मला म्हणतो, "दोन्ही हातांनी धर हो क्रॅबट्री, आजूबाजूला मांजरं आहेत." रांगेतल्या बायका फिदीफिदी हसतात. हे सगळं मी गेली कित्येक वर्षं ऐकून घेतोय. आता जरा माझंही ऐका.

थ्रप म्हणजे आमचा अष्टपैलू. सहाव्या नंबरला बॅटिंग करायचा आणि हळू फिरकी टाकायचा. दिसायला म्हणाल तर अष्टपैलू सोडा, एकपैलूही वाटला नसता. कपाटाएवढं अंग, आत वळलेली पावलं, आणि चेहरा असा, की आताच कुणाचा तरी पाय तुडवलाय आणि माफी मागायची राहून गेलीय. चार पावलं चालायचा, एक छोटी उडी मारायचा, हुप्प करून बॉल सोडायचा. बॅटिंगमध्ये त्याला एकच फटका येत होता, गुडघा टेकून डावीकडे झाडू मारल्यासारखा. पण तो फटका असा बसायचा, की पॅव्हिलियनमधले म्हातारे झोपेतून उठून टाळ्या वाजवायचे आणि परत झोपायचे.

आमच्या धंद्यात अष्टपैलूची कसोटी एकच. एका मोसमात, म्हणजे वसंतातल्या कुडकुडीपासून सप्टेंबरपर्यंत, हजार रन आणि शंभर विकेट्स. दोन्ही झालं की त्याला म्हणायचं 'डबल'. हजार रन आणि नव्व्याण्णव विकेट्स झाल्या तर त्याला काहीच म्हणत नाहीत. त्याची कुणी आठवणही ठेवत नाही. थ्रपला जन्मात एकदा डबल करायचं होतं. दुसरं काही नको होतं त्या माणसाला. इंग्लंडकडून खेळायची हाव नाही, पेपरात फोटोची हौस नाही. फक्त एकदा डबल.

अठ्ठेचाळीस साली त्याचे हजारावर बारा रन झाले होते आणि विकेट्स होत्या नव्व्याण्णव. मोसमाची शेवटची दुपार. त्याच्या बॉलवर समोरचा गडी इतका पुढे आला, इतका पुढे आला, की त्याला परत यायला बस धरावी लागली असती. मला फक्त बॉल धरून स्टंपांना लावायचा होता. मी स्टंप उडवले. तिन्ही उडवले, अगदी झोकात, आणि "हाऊज दॅट" म्हणून बोंबही ठोकली. बॉल तेवढा माझ्या पायांमधून सीमेकडे निघाला होता.

थ्रप माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे क्रॅबट्री. ऊन डोळ्यांवर आलं असेल."

ऊन! सकाळपासून ढग असे भरून आले होते की अंपायर दोनदा दिवा लावायची गोष्ट बोलला होता.

बावन्न साली उलटं झालं. विकेट्स एकशे चार, रन नऊशे शहाण्णव. शेवटच्या सामन्यात त्याच्या जोडीला मी. चार रन हवे होते त्याला, चार! त्याने बॉल ढकलला आणि माझ्याकडे बघितलं. मी "हो" म्हणालो. मग "नको" म्हणालो. मग "थांब, बघू" म्हणालो. हे सगळं एका दमात. तो बिचारा तिन्ही ऐकून तिन्ही करत बसला आणि मैदानाच्या मधोमध रनआऊट झाला. परत जाताना म्हणाला, "वारा होता रे, ऐकू नीट आलं नाही मला."

चौपन्नमध्ये त्याच्या सत्त्याण्णव विकेट्स झाल्या. शंभराला तीन कमी, आणि एकाच सकाळी मी तीन कॅच टाकले, तेही एकाच माणसाचे. त्या माणसाने दुपारी मला बिअर पाजली. आणि सत्तावन्नमध्ये तर मी हातही लावला नव्हता. मी फक्त समुद्रकाठच्या त्या गावात म्हणालो, "थ्रप, इथले शिंपले खाऊन बघ, नाव काढशील." दोन आठवडे तो अंथरुणातून उठला नाही. त्र्याण्णव विकेट्सवर मोसम संपला. मी भेटायला गेलो तर पांढराफटक चेहरा करून म्हणाला, "चव मात्र चांगली होती हां."

आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं? शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एकदा कानाखाली वाजवली असती तर मी त्याला मिठी मारली असती. पण नाही. थ्रप माफ करायचा. दरवेळी, लगेच, गोड आवाजात. त्या माफीने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाहेरगावच्या सामन्यांना आम्ही सोळा मोसम एका खोलीत राहिलो, एका किटलीतला चहा प्यायलो, आणि एवढ्या वर्षांत त्याने मला 'गाढवा' एवढंसुद्धा म्हटलं नाही.

मग आला एकसष्टचा मोसम. थ्रप बेचाळीसचा झाला होता. जुलैमध्येच कमिटीचं पत्र आलं, की पुढच्या वर्षी करार नाही, आजवरच्या सेवेबद्दल आभार. पत्र वाचून थ्रपने ते नीट घडी करून टोपीत ठेवलं, कारण टोपी त्याला जरा सैल व्हायची. मेहुण्याचं बी-बियाणांचं दुकान होतं, तिथे तो उभा राहणार होता. पण त्या पत्राने त्याच्यात काय शिरलं देव जाणे, बेचाळिसाव्या वर्षी गडी असा काही खेळला की बघत राहावं. शेवटच्या सामन्याला उतरलो तेव्हा रन एक हजार एकेचाळीस झालेले, आणि विकेट्स चौऱ्याण्णव.

सामना आमच्याच मैदानावर, हॉलमशायरशी. तीन दिवसांचा. पहिल्या डावात त्याने तीन काढल्या, दुसऱ्यात दोन. नव्व्याण्णव. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाला हॉलमशायरची शेवटची जोडी मैदानात आली. खेळ साडेसहाला संपणार. एक विकेट बाकी, पाऊण तास बाकी, आणि थ्रपला एक हवी. ती विकेट दुसऱ्या कुणी घेतली तर डाव खलास, सामना खलास आणि थ्रपही खलास.

अख्ख्या जगात ज्या एका माणसाच्या हातात तो बॉल येऊ नये, तो मी. आणि फिरकीवर विकेटकीपरच्या हातात बॉल येतोच येतो.

आमचे कप्तान मिस्टर ऑर्म्सबी. ते पगारी नव्हते, हौशी होते, म्हणून मिस्टर. त्यांची कपडे बदलायची खोली वेगळी, मैदानात यायचं फाटक वेगळं. एरवी ते आमच्याशी दिवसाला दोनच वाक्यं बोलायचे, त्यातलं एक हवेबद्दल असायचं. त्यांनी थ्रपला मुद्दाम पार सीमेवर पाठवलं आणि आम्हाला जवळ बोलावलं.

"मंडळी," ते घसा खाकरून म्हणाले, "थ्रपशिवाय दुसऱ्या कुणाकडून आता कुणी आऊट झालं नाही, तर मला व्यक्तिशः बरं वाटेल."

आमचा फास्ट बॉलर बॅगशॉ म्हणाला, "पण साहेब, आपण जिंकायचं नाही का?"

"बॅगशॉ, गुणतक्त्यात आपण सतरावे आहोत. संघ किती?"

"सतरा."

"मग?"

"आलं लक्षात, साहेब," बॅगशॉ म्हणाला.

"आणि थ्रपला यातलं काही कळता कामा नये. तो नाही म्हणेल."

ही लबाडी झाली, असं तुम्ही म्हणाल. छे हो. आमच्यात याला लबाडी म्हणत नाहीत. बॉल जरा बाहेर पडला, हात जरा उशिरा पोचला, त्यात कुणी कुणाला काही विचारलं नाही आणि कुणी काही सांगितलं नाही. याला आमच्यात सभ्यपणा म्हणतात.

हॉलमशायरचा अकरावा गडी मिस्टर फॅनशॉ. हेही हौशी. उंच, किडकिडीत, चष्मेवाले, आणि बॅट अशी धरायचे की छत्री उघडायच्या बेतात आहेत. सरासरी तीन. आमच्या कप्तानांनी त्यांच्या कानात काहीतरी कुजबुजलेलं मी पाहिलं. फॅनशॉ साहेब क्रीजवर आले आणि मागे वळून मला हळूच म्हणाले, "क्रॅबट्री, तुमच्या थ्रपला एक विकेट कमी पडते म्हणे?"

"हो साहेब."

"मग माझी घ्या की. माझी सगळेच घेतात."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, झालं काम. पण कसलं काय! मिस्टर फॅनशॉ यांना आऊट व्हायचं कसं हेच माहीत नव्हतं. आयुष्यभर ते आपोआप आऊट होत आले होते. मुद्दाम व्हायची वेळ कधी आलीच नव्हती. पहिल्या बॉलला त्यांनी डोळे मिटून बॅट गरकन फिरवली. हेतू हा की बॉल चुकावा आणि स्टंपांवर जावा. बॉल गेला चहाच्या तंबूवर. सिक्सर.

"अरे देवा!" फॅनशॉ साहेब ओरडले. "थ्रप, मनापासून माफी!"

थ्रपला यातलं काहीच ठाऊक नाही. तो आदबीने म्हणाला, "माफी कसली साहेब. सुंदर मारलात."

पुढच्या बॉलला त्यांनी बॅट खांद्यावर घेतली आणि खेळायचंच नाही असं ठरवलं. थ्रपचा बॉल नेमका उडाला, बॅटच्या मागच्या बाजूला लागला आणि माझ्या डोक्यावरून चौकार. मग ते क्रीज सोडून पुढे चालत गेले, म्हणजे मी स्टंपिंग करावं. मी केलंही असतं, शप्पथ, पण बॉल त्यांच्या बुटावर आदळून बाजूला घरंगळला. तिथे तो ज्याच्या हाताशी गेला तो आमचाच माणूस. त्याने बॉल उचलून स्टंपांवर मारला असता तर रनआऊट, आणि रनआऊट बॉलरच्या नावावर लागत नाही. त्या शहाण्याने बॉल उचलला, आठवण झाली, आणि इस्त्रीचा निखारा हातात आल्यासारखा टाकून दिला. मग स्वतःच्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला. फॅनशॉ साहेब पार मध्यावर उभे. सगळे त्यांच्याकडे बघतायत, ते आमच्याकडे बघतायत.

"साहेब, या आता परत," मी म्हणालो.

"येऊ?"

"या, या. सावकाश या."

पाऊण तासात फॅनशॉ साहेबांचे एकतीस रन झाले. जन्मातले सर्वांत जास्त. पॅव्हिलियनमधून टाळ्या पडायला लागल्या तसा तो सज्जन माणूस कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्या टोकाकडून बॅगशॉची आणखी वेगळी कुस्ती चालली होती. हा गडी ताशी नव्वद मैलांनी टाकायचा, आता त्याला विकेट न काढता टाकायचं होतं. तो इतक्या बाहेरून टाकत होता की बॉल मला न सापडता थेट साइटस्क्रीनला जाऊन भेटायचे. पण त्याच्या समोर हॉलमशायरचा दुसरा गडी होता, तो पगारी, आणि त्याच्या कानात कुणी काही कुजबुजलं नव्हतं. एक बाहेरचा बॉल दिसल्यावर त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. धावत जाऊन त्याने तो असा हाणला, की बॉल सरळ आभाळात. आणि खाली कोण? मी.

आता मी तुम्हाला खरं सांगतो. बॉल वर गेला की मला घाम फुटतो. पण त्या दिवशी मी निवांत होतो, कारण तो मला सोडायचाच होता. सोळा वर्षं मी ज्याची तालीम केली ते काम होतं. मी हात वर केले, बॉल आला, ग्लव्हजवर आपटला, निसटला, अगदी नेहमीसारखा. आणि खाली जाता जाता माझ्या डाव्या पॅडच्या वरच्या कडेत जाऊन बसला.

रुतून बसला म्हणा ना. जमिनीला लागलाच नाही. विकेटकीपरच्या पॅडमध्ये अडकलेला बॉल म्हणजे कायद्याने कॅच. कुणी अपील केलं की अंपायरचं बोट वर. आणि विकेट बॅगशॉच्या नावावर.

बॅगशॉने सवयीने अपील करायला 'आ' वासला. मग त्याला आठवलं, आणि त्या 'आ'चं काय करावं न कळून तो खोकत सुटला. मी पाय झटकला. बॉल हलेना. मी उडी मारली. हलेना. मी एका पायावर गोल गोल फिरलो, डावा पाय हवेत उडवत. जो बॉल सोळा वर्षांत माझ्याकडे थांबायला तयार नव्हता, त्याने त्या दिवशी बिऱ्हाडच थाटलं.

अंपायर वेदरिल, जुनं खोड, स्वतः वीस वर्षं खेळलेला. तो बाजूला पाठीमागे हात बांधून बघत होता. "काय रे क्रॅबट्री," म्हणाला, "मुंगी चढली का?"

"हो, हो, मुंगी!"

"मोठी दिसतेय."

"तांबडी आहे!" मी ओरडलो आणि दोन्ही पायांनी उडी मारली, तेव्हा कुठे बॉल टपकन खाली पडला. वेदरिलने आभाळाकडे बघितलं आणि पलीकडच्या अंपायरने ओव्हर पुकारली. थ्रप लांबून धावत आला, "चावली का रे फार?" म्हणून विचारायला लागला. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

आणि मग शेवटची ओव्हर. घड्याळात साडेसहाला तीन मिनिटं कमी. बॉल थ्रपच्या हातात. हजारभर लोक होते मैदानात, पण शिंकही ऐकू येत नव्हती. चहाच्या तंबूतल्या बायका हातात फडकी घेऊन बाहेर येऊन उभ्या राहिलेल्या.

पाच बॉलांत फॅनशॉ साहेबांनी काय काय केलं ते सांगत नाही, तुम्हाला खोटं वाटेल. शेवटी उरला एक बॉल. त्या ओव्हरचा, त्या दिवसाचा, त्या मोसमाचा, आणि थ्रपच्या आयुष्याचा. चार पावलं, छोटी उडी, हुप्प. फॅनशॉ साहेब दमले होते. आऊट व्हायचं की राहायचं यातलं काहीच त्यांच्या डोक्यात उरलं नसावं, त्यांनी नुसती बॅट पुढे केली, आणि त्यामुळेच पाऊण तासात पहिल्यांदा ते स्वतःसारखे खेळले. टिक्! बारीक कड लागली.

बॉल खाली आला, माझ्या पुढ्यात, डावीकडे. मी झेप घेतली. मी! पालथा पडलो, हनुवटी मातीत घासली, आणि डोळे उघडून बघतो तर बॉल ग्लव्हजमध्ये. हलत नव्हता, निसटत नव्हता. मी तो वर धरला.

मैदान फुटलं नुसतं. टोप्या उडाल्या, फडकी उडाली. पलीकडे थ्रप दोन्ही हात वर करून उभा होता. सोळा वर्षांत मी त्याचा तसा चेहरा बघितला नव्हता. बेचाळीस वर्षांचा तो कपाटाएवढा माणूस, आणि चेहरा असा की आता रडेल की हसेल ते त्याचं त्यालाही ठरवता येईना.

पण वेदरिलचं बोट वर जाईना. बॉल सोडून पुढे झुकलेला थ्रप नेमका त्याच्या समोर आलेला, आणि थ्रपच्या पलीकडचं बघायला खिडकी थोडीच असते! त्याने बाजूच्या अंपायरला विचारलं. तर त्या महाशयांच्या टोपीत गांधीलमाशी शिरलेली, ते टोपी काढून तिच्याशी लढत होते. त्यांनीही मान हलवली. दोघांनाही दिसलं नाही.

अशा वेळी आमच्यात एक रीत आहे. ज्याने कॅच घेतला त्यालाच विचारायचं, नीट घेतलास का. तो सांगेल ते खरं. त्यावर कुणी तोंड वर करून बघतसुद्धा नाही. समोरचा बॅट उचलतो आणि चालायला लागतो.

फॅनशॉ साहेबांनी तर बॅट केव्हाच काखोटीला मारली होती, चार पावलं चाललेही होते. आनंदाने त्यांचा चष्मा घसरलेला. नुसती रीत म्हणून त्यांनी मागे वळून विचारलं, "क्रॅबट्री, नीट घेतलास ना? तुझा शब्द मला पुरे."

माझ्या डाव्या ग्लव्हमध्ये, बॉलच्या खाली, गवताच्या दोन काड्या होत्या आणि चिमूटभर ओली माती. बॉल आधी जमिनीला लागला होता. टप्पा पडून हातात आला होता. माझ्या करंगळीला कळलं होतं. फक्त मलाच कळलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, अरे, पाऊण तास तूच तर एका पायावर नाचत होतास, मुंगी म्हणून थापा मारत होतास, मग एक 'हो' म्हणायला तुझ्या बापाचं काय जात होतं? मीही स्वतःला हेच विचारतो. रोज विचारतो. पण मुंगीचं विचारणं वेगळं आणि हे वेगळं. एखादा माणूस तुमच्या डोळ्यांत बघून 'तुझा शब्द मला पुरे' म्हणाला, की संपलं हो. मी थ्रपकडे बघितलं. त्याचे हात अजून वर होते. मनात म्हटलं, हो म्हण, क्रॅबट्री. गाढवा, हो म्हण. एवढंच तर कर एकदा त्याच्यासाठी. मी तोंड उघडलं.

"नाही साहेब," तोंड म्हणालं. "टप्पा पडला होता."

फॅनशॉ साहेब म्हणाले, "तुझी खात्री आहे? नीट आठव. घाई करू नकोस."

"टप्पा पडला होता, साहेब."

"थोडासाच पडला असेल?"

"पूर्ण पडला."

वेदरिलने घड्याळ बघितलं, पुढे झाला आणि स्टंपांवरच्या बेल्स उचलून खिशात टाकल्या. मोसम संपला. थ्रपचे हात हळूहळू खाली आले. त्या शांततेत आरामखुर्चीतल्या एका म्हातारीचा आवाज सगळ्या मैदानाने ऐकला. "वाटलंच होतं मला," ती म्हणाली, "क्रॅबट्री आहे ना तो."

कपडे बदलायच्या खोलीतून अंघोळ न करताच एकेकाने पोबारा केला. बॅगशॉ तर एकच मोजा घालून गेला. उरलो आम्ही दोघं. थ्रप बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होता. सोडून झाली तरी सोडतच होता. मला वाटलं, आता हा उठणार, खांद्यावर हात ठेवणार आणि माफ करणार. आणि मला ते सहन होणार नव्हतं, कुठल्याही परिस्थितीत नाही.

"थ्रप," मी म्हणालो, "तू जर आता गोड बोललास ना, तर मी या खुंटीला लटकून घेईन. शिवी दे मला. एकदा तरी दे रे, लेका!"

थ्रपने वर बघितलं. उठला. बूट हातात तसाच. आणि मग तो माणूस जो सुटला, बाप रे बाप!

"गाढवा!" थ्रप गरजला. खिडक्या हलल्या. "नालायका! भोपळ्या! अठ्ठेचाळीस, अकरा सप्टेंबर, तो माणूस मैदानाच्या मध्यावर होता! मध्यावर! माझ्या आईने स्टंपिंग केलं असतं, आणि तिला तेव्हा दिसत नव्हतं! एकोणपन्नास, सात जून, पोटात आलेला कॅच, पोटात! पोटाने धरला असता तरी राहिला असता! पन्नास, मे महिना, तू बॉल सोडलास आणि वर माझ्याकडे बघून हसलास! बावन्न, हो, नको, थांब! थांब काय, थांब? मी काय टांग्याचा घोडा आहे? आणि ते शिंपले! चव घाणेरडी होती, ऐकतोयस? घाणेरडी! एकूण त्रेसष्ट, क्रॅबट्री! त्रेसष्ट सुटलेले! सगळे तोंडपाठ आहेत मला! आंघोळ करताना म्हणतो मी ते! आणि आज! आज एकदा, जन्मात एकदा हातात राहिला बॉल, तर तुला खरं बोलायची हुक्की आली!"

"मी हो म्हणालो असतो तर?" मी विचारलं.

"घेतली असती! नाचलो असतो! केक कापला असता!"

मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी नुसती मान हलवत होतो. पण मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "त्रेसष्ट मोजलेस ना? मग कमिटीला का नाही सांगितलंस? दुसरा विकेटकीपर मागून घ्यायचा! दुसऱ्या संघात तो पॉम्फ्रेट बसलाच होता, त्याच्या हातून माशी सुटत नाही!"

थ्रपने बूट खाली ठेवला. तो नीट सरळ ठेवला, मग पुन्हा तिरका केला.

"विचारलं होतं त्यांनी," तो म्हणाला.

"कुणी?"

"कमिटीने. तीनदा. बावन्नच्या शेवटी, चौपन्नच्या शेवटी, सत्तावन्नच्या शेवटी. मला एकट्याला बोलावून विचारलं. थ्रप, क्रॅबट्रीला काढतो, पॉम्फ्रेटला घेतो, तुझं डबल नक्की. तू फक्त हो म्हण."

मी बाकावर बसलो. "मग?"

"मग काय? नाही म्हटलं."

"तीनदा?"

"तीनदा. त्या पॉम्फ्रेटबरोबर एका खोलीत कोण राहणार? पहाटे पाचला उठून उठाबशा काढतो. चहा पीत नाही. एकदा त्याला मी तो बिशपचा आणि कोंबडीचा विनोद सांगितला, तर म्हणाला, पुढे काय झालं कोंबडीचं?" थ्रपने नाक ओढलं. "आणि तुझे हात मला माहीत नव्हते का? सोळा वर्षं समोर बघतोय. मला डबल हवं होतं, क्रॅबट्री, पण ते तुझ्यासकट करायचं होतं. तेवढं काही जमलं नाही बघ."

मी टॉवेलात तोंड खुपसलं आणि भोकाड पसरलं. दार उघडून मिस्टर ऑर्म्सबी दोन शब्द सांत्वनाचे बोलायला आत येत होते. त्यांनी आम्हा दोघांकडे बघितलं, "हवा छान होती आज," म्हणाले, आणि दार हळूच लावून घेतलं.